गाण्याला शेपूट असतं!

सामानाची पोती घेऊन येणारा टेम्पो तुम्ही रोज बघता. पण 'टेम्पो' हा मुळात इटालियन शब्द आहे, ठाऊक होतं? तिथे त्याचा अर्थ 'वेळ'. संगीतात तो लयीसाठी वापरू लागले. जर्मन भाषेत गेल्यावर तो झाला 'वेग'. मग जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीने आपल्या गाड्यांना तेच नाव दिलं. पुढे त्या गाड्या आपल्याकडेही बनू लागल्या आणि नाव आपल्या तोंडी कायमचं बसलं!

पियानो किंवा व्हायोलिन शिकणाऱ्या एखाद्या ताईचं पुस्तक मागून बघा. पाच-पाच रेघांवर काळे ठिपके आणि त्यांच्या वरखाली बारीक तिरकी अक्षरं. ती अक्षरं भारदस्त दिसतात खरी, पण बहुतेक शब्द इटलीतल्या घराघरांतले, अगदी साधे आहेत.

'अन्दान्ते' हा शब्द चालण्यावरून आलाय. धावू नका, रेंगाळू नका, चालत चालत वाजवा. 'पित्सिकातो' म्हणजे चिमटा काढलेलं. व्हायोलिनचा गज न फिरवता बोटानेच तार छेडायची. 'दा कापो' म्हणजे डोक्यापासून, अर्थात पुन्हा पहिल्यापासून. आणि डोकं आहे म्हटल्यावर शेपूट नको? रचनेच्या शेवटी जोडलेल्या तुकड्याला 'कोडा' म्हणतात. कोडा म्हणजे चक्क शेपूट, मांजराला असतं तेच!

माझं सगळ्यात लाडकं चिन्ह म्हणजे 'फेर्माता'. अर्धगोल आणि त्याच्या पोटात एक ठिपका. ते ज्या सुरावर असेल, तिथे जरा जास्त थांबायचं. इटलीत बसथांब्यालाही 'फेर्माता'च म्हणतात.

पण इटालियनच का? १५०१ साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने संगीताचं सुंदर पुस्तक छापलं. पुढे इटलीचे गायक-वादक युरोपभरच्या दरबारांत पोहोचले आणि त्यांचे शब्दही त्यांच्याबरोबर गेले. १७००च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने एक नवं वाद्य बनवलं. आधीच्या हार्प्सिकॉर्ड या वाद्याची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच यायचा. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात छोट्या हातोड्या तारांवर आपटायच्या, त्यामुळे आवाज लहानमोठा करता येऊ लागला. 'पियानो' म्हणजे हळू, 'फोर्ते' म्हणजे जोरात. म्हणून नाव पडलं पियानोफोर्ते. पुढे फोर्ते गळालं आणि एवढ्या थोरल्या वाद्याचं नाव उरलं नुसतं 'हळू'!

या शब्दांची ताकद बघायचीय? मग संगीतकार जोसेफ हायडनची ९४वी सिंफनी मोठ्यांकडून लावून घ्या. १७९२ साली ती लंडनमध्ये पहिल्यांदा वाजली. तिचा दुसरा भाग अन्दान्ते आहे. सुरुवातीला कागदावर एकच 'पी', म्हणजे पियानो. बाळाच्या खोलीत चवड्यांवर चालावं तशी धून येते. तीच धून परत येते तेव्हा लिहिलेलं असतं 'पीपी', पियानिस्सिमो, अगदी हळू. खालच्या तारांवर नुसता पित्सिकातो. आपण कान टवकारून पुढे झुकतो. आणि तेवढ्यात कागदावर येतात दोन 'एफ'. फोर्तिस्सिमो. सगळा वाद्यवृंद आणि नगारे एकदम...

धाड्!