बांधकाम परवाना : नकाराला कारण लागतं

हक्क आणि बंधन या विषयावर बोलताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : प्लॉट माझा, पैसा माझा, मग घर बांधायला नगरपरिषदेला कशाला विचारायचं? सोनपेठसारख्या लहान गावात तर हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. गवंडी ओळखीचा, शेजारी नात्यातला. कागद कोण मागणार?

आधी ‘कशाला’ ते बघू. भिंत आपली असते, पण तिची सावली शेजाऱ्याच्या अंगणात पडते. छत आपलं, पण पन्हाळीचं पाणी बोळात जातं. जोतं दोन फूट पुढं घेतलं की गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही. म्हणजे घर खाजगी असलं तरी त्याचे परिणाम खाजगी राहत नाहीत. आणि जीवाचा प्रश्न आहेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद, याखाली बहुतेक जण गाडले गेले. ज्याच्यावर घर पडतं, त्याला बांधताना कुणी विचारलेलं नसतं. परवाना म्हणजे त्या न विचारलेल्या माणसाच्या वतीनं कुणीतरी विचारणं.

आता दुसरी बाजू. विचारणाऱ्यावरही बंधन आहे, आणि ते आपल्या लोकांना ठाऊकच नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 हा मूळ कायदा. त्याच्या कलम 44 प्रमाणं आपण अर्ज करतो, कलम 45 प्रमाणं नगरपरिषद निर्णय देते. परवानगी द्यावी, अटी घालून द्यावी किंवा नाकारावी, हे तिन्ही मार्ग मोकळे आहेत. पण अटी घातल्या किंवा नाकारलं, तर आदेशात कारण लिहावं लागतं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथं न्यायदर्शनाची आठवण होते. नैयायिक म्हणतात, नुसती प्रतिज्ञा पुरत नाही, हेतू सांगावा लागतो. ‘डोंगरावर अग्नी आहे’ एवढं म्हणून भागत नाही. ‘कारण धूर दिसतो’ हेही म्हणावं लागतं. ‘परवानगी मिळणार नाही’ ही झाली प्रतिज्ञा. ‘कारण समोरचं सामासिक अंतर नियमापेक्षा कमी आहे’ हा झाला हेतू. हेतू कळला तर नकाशा दुरुस्त करता येतो. ‘साहेब नाही म्हणाले’ यात हेतू नाही, म्हणून त्यावर काही करताही येत नाही. मग माणूस ओळख शोधतो, किंवा पाकीट शोधतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच : जे काही व्हायचं ते कागदावर होऊ द्या. अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन भरला असेल तर पोच जपून ठेवा. त्रुटी निघाली तर ती लेखी मागा आणि उत्तरही लेखी द्या. कारण कायद्यात घड्याळ आहे. अर्ज मिळाल्यापासून, किंवा त्रुटीला तुम्ही दिलेलं उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतरचं असेल तिथून 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी दिली असं मानलं जातं. मात्र इथं सावध राहा. मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या बांधकामालाच मिळते. नियमाबाहेर बांधलं तर साठ काय, सहाशे दिवस झाले तरी ते अनधिकृतच. आणि नकार मिळाला तर कलम 47 खाली 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं.

लहान घरांसाठी वाट आता सोपी आहे. डिसेंबर 2020 मध्ये राज्यानं एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, ठरलेल्या मर्यादेतल्या घरासाठी, मालकीचा पुरावा आणि आराखडा देऊन शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरली जाते. 150 ते 300 चौरस मीटरला दहा दिवसांची मुदत आहे. पण सवलतीमुळं नियम सुटत नाहीत. आराखडा परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्यावा, फक्त सहीपुरता अभियंता धरू नये.

गाडं अडतं ते बहुधा मालकीच्या कागदावर. गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, वारस पाच, वाटणी तोंडी. गावाच्या कडेला शेताचे तुकडे पाडून विकलेले, व्यवहार शंभराच्या बाँडवर. असा बाँड म्हणजे नोंदणी झालेलं खरेदीखत नव्हे. त्यानं मालकी येत नाही, आणि मालकी नसेल तर परवाना नाही. म्हणून घराची वीट आणण्याआधी वारसनोंद आणि खरेदीखत बघा. प्लॉट घेताना मंजूर रेखांकन आहे का, हे विचारा.

‘परवान्यावाचून बांधलेली घरं उभीच आहेत की’ असं कुणी म्हणेल. आहेत. पण त्या घरावर बँक सहजासहजी कर्ज देत नाही, विकताना गिऱ्हाईक भाव पाडतं, आणि कलम 53 ची नोटीस कधी येईल हे दुसऱ्याच्या तक्रारीवर ठरतं. तो मालक स्वतःच्याच घरात दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो. परवाना मिळाला तरी काम तिथंच संपत नाही. प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं, मुदतवाढ वेळेत मागावी लागते. काम पुरं झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं.

आपल्याकडं कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं समजतात. आम्हाला तसं वाटत नाही. नगरपरिषदेतला कारकून उद्या बदलून जाईल, मुख्याधिकारी बदलतील, आपणही जाऊ. घरात नातवंडं राहतील. त्यांच्या हातात आपल्या ओळखी देता येत नाहीत, मंजूर नकाशा मात्र देता येतो.