क्रेनच्या रिमोटची खुंटी

वसई रोडला पूर्वेला उतरून वालीव, सातिवली किंवा गोखिवऱ्याच्या रस्त्याला लागलं की दुतर्फा गाळे सुरू होतात. ज्या गाळ्यात माणसांनी उचलण्यापलीकडचा माल हलतो, तिथे छताखाली दोन रुळांवर धावणारी क्रेन असते. तिला सगळे नुसतं ‘ईओटी’ (इलेक्ट्रिक ओव्हरहेड ट्रॅव्हलिंग) म्हणतात. अशा गाळ्यात सकाळच्या शिफ्टला पहिलं वाक्य बहुतेक वेळा हिंदीत येतं, कारण हेल्पर मंडळी उत्तरेकडची असतात : “रिमोट किधर है?”

रिमोट कुठेही असू शकतो. लेथच्या ट्रेमध्ये तेलात, फोरमनच्या खणात डब्याशेजारी, किंवा रात्रपाळीच्या माणसाच्या खिशातून थेट नालासोपाऱ्याला गेलेला. तोवर दोन टनांचा डाय, म्हणजे प्रेसचा साचा, जमिनीवर आणि सहा माणसं हात बांधून उभी. या प्रश्नाला भिंतीवर ठोकलेलं उत्तर म्हणजे रिमोटचा चार्जिंग होल्डर. दिसायला तो जेमतेम एक खोबण, मागे पट्टी, खाली दोन पितळी ठिपके आणि एक दिवा. गाळ्यातल्या खरेदीच्या यादीत तो सगळ्यात शेवटी येतो आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कटतो. म्हणून तो उघडून, भाग भाग करून बघू.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. क्रेनवरून जाड केबल लोंबायची आणि तिच्या टोकाला बटणांचा लांबट डबा, म्हणजे पेंडंट. तो हरवायची सोय नव्हती आणि त्याला सेलही लागत नव्हता. पण केबल जाईल तिथे माणसाला जावं लागे, म्हणजे बहुधा लोंबकळत्या मालाच्या अगदी जवळ, वाटेतल्या पत्र्यांवरून अडखळत. बिनतारी रिमोटने माणसाला मालापासून दूर, जिथून नीट दिसतं तिथे उभं राहायची मुभा दिली. बदल्यात दोन कटकटी गळ्यात मारल्या : तो हरवतो आणि तो संपतो.

संपतो तेव्हा काय होतं, हे कळलं की होल्डरची किंमत कळते. रिमोट चालू असेपर्यंत सेकंदाला अनेक वेळा एक छोटा निरोप हवेत सोडत असतो. त्यात त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो, कोणतं बटण दाबलंय ते असतं आणि निरोप वाटेत बिघडला नाही ना हे तपासायचा हिशेब असतो. वर क्रेनच्या पॅनेलमधला रिसीव्हर हे ऐकतो. क्रमांक जुळला तरच कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा स्विच, ओढतो. यासाठी लागणारी शक्ती अगदी किरकोळ आहे. आपल्याकडे 335 मेगाहर्ट्झच्या आसपासचे काही ठरावीक चॅनल क्रेनच्या रिमोटसाठी 2005 मध्ये परवान्यातून मोकळे केले, तेही एक मिलिवॉटच्या मर्यादेत. 

आता सेल संपला, निरोप थांबले. रिसीव्हर थोडा वेळ वाट बघतो, साधारण अर्ध्या ते दोन सेकंदांची, आणि मुख्य कॉन्टॅक्टर सोडून देतो. वीज गेली की क्रेनचा ब्रेक आपोआप आवळतो, कारण तो स्प्रिंगने बंद आणि विजेने उघडा असा बनवलेला असतो. माल पडत नाही, जिथे आहे तिथे लटकतो. यंत्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर झालं. पण गाळ्याच्या दृष्टीने एक डाय माणसांच्या डोक्याच्या उंचीवर अधांतरी आहे आणि खाली कोणी जायचं नाही. अशा वेळी कोणीतरी शिडी लावून वर चढतो आणि कॉन्टॅक्टर हाताने दाबायच्या गोष्टी करतो. नियम खुंटीला टांगले जातात ते अशाच क्षणी. रिमोट आदल्या संध्याकाळी खुंटीला टांगला असता तर ही वेळ आली नसती.

आता खुंटीकडे वळू. पहिला भाग खोबणीचा आकार. तो शोभेसाठी नाही. रिमोट एकाच बाजूने बसला पाहिजे, उलटा बसताच कामा नये, नाहीतर प्लसला मायनस लागेल. म्हणून खोबणीची एक कड तिरकी असते किंवा आत एक खिटी असते. दुसरं म्हणजे, रिमोट आत सरकताना त्याचं लाल इमर्जन्सी बटण कशाला घासता कामा नये. रोज घासून ते बटण खिळखिळं झालं की पुढे ऐन वेळी अडकतं, आणि हे बटण अडकण्याइतकी वाईट गोष्ट रिमोटच्या बाबतीत दुसरी नाही. काही लोक पत्र्याचा खिसा गाळ्यातच वाकवून घेतात. हरकत नाही, फक्त कडा गोल कराव्यात, आत रबर चिकटवावं आणि खिशाचा तळ उघडा ठेवावा. बंद तळात छिलका साचतो.

दुसरा भाग संपर्काचा, आणि वसईत सगळी गंमत इथेच आहे. होल्डरच्या तळाशी दोन किंवा चार पिना असतात. प्रत्येक पिनेखाली बारीक स्प्रिंग. रिमोट वजनाने खाली बसला की पिन आत दबते आणि रिमोटच्या पाठीवरच्या चकतीला टेकून राहते. चार पिना असतील तर दोन विजेच्या, एक तापमानाची, एक ओळखीची अशी काहीशी वाटणी असते. मोबाईलसारखी वायर खुपसायचं भोक मुद्दाम टाळलेलं असतं. चांगल्या रिमोटवर ‘आयपी 65’ असं छापलेलं असतं. यातला 6 म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि 5 म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही. भोक ठेवलं तर त्यावर रबरी बूच हवं, आणि गाळ्यात रबरी बूच किती दिवस टिकतं हे सांगायला नको.

पण उघड्या पिनेचे इथे दोन शत्रू आहेत. एक खारी हवा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, आणि जून ते सप्टेंबर हवेत ओल इतकी की सुटे नटबोल्ट डब्यातल्या डब्यात तांबडे होतात. पिनेवर सोन्याचा पातळ मुलामा असतो तो यासाठीच. मुलामा उडाला की खालचा धातू काळवंडतो आणि विजेला अडथळा वाढतो. हा अडथळा एक ओहम झाला आणि चार्जिंग अर्ध्या अँपिअरने चालू असेल, तर अर्धा व्होल्ट पिनेवरच गेला. दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं, पण सकाळी रिमोट अर्धपोटीच. मग दोष बॅटरीला दिला जातो आणि नवी मागवली जाते. त्याआधी पिन पुसून बघावी. पुसायची म्हणजे पॉलिश पेपरने नव्हे, त्याने मुलामा खरवडला जातो. सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर मुलांच्या दप्तरातला खोडरबर. खोडरबराचा चुरा मात्र झटकावा.

दुसरा शत्रू ग्राइंडरची धूळ. ही साधी धूळ नाही, लोखंड आहे, म्हणजे वीज वाहून नेणारी. दोन पिनांच्या मध्ये तिचा थर बसला की शॉर्ट. म्हणून पिनांच्या मध्ये उंचवटा असतो आणि चांगला होल्डर रिमोट बसल्याशिवाय पिनांना वीज देतच नाही. इथे एक फसवी सोय टाळावी : लोहचुंबकाने चटकन चिकटणारे होल्डर. दुकानात ते छान वाटतात. पण फॅब्रिकेशनच्या गाळ्यात आठवड्याभरात त्या चुंबकाला लोखंडाचा बुरा चिकटेल आणि तो नेमका पिनांशेजारी. पिनच नको म्हणून वायरलेस चार्जिंगची तबकडी बसवावी, हा विचारही मनात येतो. त्यात एका गुंडाळीतून दुसऱ्या गुंडाळीत चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा जाते. खाऱ्या हवेवर उपाय म्हणून तो उत्तम, पण मध्ये लोखंडाचा कीस आला तर तोच तापतो. थोडक्यात, पॅकिंगच्या गाळ्यात वायरलेस चालेल, ग्राइंडिंगच्या गाळ्यात पिनाच बऱ्या, फक्त फडकं जवळ ठेवायचं.

तिसरा भाग, रिमोट जागेवर आहे हे ओळखण्याचा. काही होल्डरमध्ये छोटा खटका असतो, काहींत रिमोटच्या पोटातला सेन्सर होल्डर ओळखतो. ओळख पटली की दोन गोष्टी व्हायला हव्यात : चार्जिंग सुरू आणि रिमोटचं प्रक्षेपण बंद. दुसरी जास्त महत्त्वाची. टांगलेल्या रिमोटला कोणाचा कोपर लागून क्रेन चालली, असं होता कामा नये. विकत घेताना हे दुकानदाराला विचारावं आणि बसवल्यावर स्वतः करून बघावं : रिमोट होल्डरमध्ये ठेवून बटण दाबायचं, वर काहीच हलता कामा नये.

चौथा भाग चार्जिंगचा मेंदू. रिमोटमध्ये निकेल-मेटल हायड्राइड सेल असतील तर प्रत्येकी 1.2 व्होल्ट, लिथियम-आयन असेल तर साधारण 3.7. दोघांना भरायची रीत वेगळी. लिथियमला आधी ठरावीक प्रवाह देतात, व्होल्टेज 4.2 ला पोचलं की तिथेच धरून ठेवतात आणि प्रवाह हळूहळू ओसरू देतात. निकेलचं भरत आलं की व्होल्टेज किंचित खाली येतं, चार्जर ती घसरण हेरून थांबतो. म्हणून एका रिमोटचा होल्डर दुसऱ्याला ‘बसतो तर आहे’ म्हणून वापरायचा नाही. लहान क्रेनचे बरेच रिमोट तर दोन पेन्सिल सेलवर चालतात. ते अल्कलाइन असतील तर चार्ज करायचेच नाहीत, फुटतात. त्यांना होल्डर म्हणजे निव्वळ जागा, आणि तेवढंही पुष्कळ.

किती वेळ टांगायचा? समजा बॅटरी 1500 मिलिअँपिअर-तासांची आहे आणि रिमोट सरासरी 75 मिलिअँपिअर खातो. म्हणजे वीस तास, दोन शिफ्ट आरामात. होल्डर 300 ने भरत असेल तर पाच तास आणि शेवटच्या ओसरत्या टप्प्याचे थोडे वर. रात्र पुरते. तिन्ही पाळ्या चालणाऱ्या गाळ्यात मात्र रात्रच नसते. तिथे सुटी बॅटरी भरायचा दुसरा कप्पा असलेला होल्डर घ्यावा.

राहिली भिंत. वायरमनला सोयीची म्हणून शटरच्या बाजूची भिंत निवडली जाते, आणि तिथेच पावसाची झड येते. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, वीज बंद राहिली, ते इथला कोणी विसरलेलं नाही. एरवीही सखल भागातल्या गाळ्यांत पाणी शिरतं. तेव्हा होल्डर आणि त्याचा अडॅप्टर दोन्ही छातीच्या उंचीला. अडॅप्टर खाली एक्सटेन्शन बोर्डात आणि होल्डर वर, असं केलं तर उंचीचा फायदा काय? पत्र्याची भिंत टाळावी, ती प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला थरथरते आणि पिना क्षणभर सुटतात. शिवाय पश्चिमेचा पत्रा मे महिन्यात दुपारी हात लावू देत नाही, आणि लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते. विटांची भिंत, अँकर फास्टनर, वेल्डिंग सेटपासून दूर, आणि जिथे उभं राहून क्रेनचा हुक दिसतो अशी जागा.

वायरचाही हिशेब करावा. पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन वीस मीटर, अडथळा जवळपास अर्धा ओहम. अर्धा अँपिअर वाहताना पाव व्होल्ट पडतो. बारा व्होल्टच्या होल्डरला त्याचं काही नाही, पाच व्होल्टच्या होल्डरला ते जाणवतं. म्हणून पाच व्होल्टवाला असेल तर अडॅप्टर जवळच लावावा. पावसाच्या तोंडावर इथे वीज ये-जा करते, झटके देते, तेव्हा त्या पॉइंटला स्वतंत्र एमसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला बरा.

एका गाळ्यात दोन क्रेन असतील तर दोन होल्डर शेजारी शेजारी लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही रिमोट जुळ्या भावांसारखे दिसतात. एक नंबरचा समजून दोन नंबरचा उचलला की बटण इथे दाबलं जातं आणि हुक तिकडे हलतो. प्रत्येक होल्डर आपापल्या क्रेनच्या बाजूला, आणि होल्डर, रिमोट, क्रेनचा गर्डर तिघांवर एकच रंग आणि एकच मोठा आकडा. आकडा देवनागरीत की इंग्रजीत, यावर वाद घालण्यापेक्षा रंगावर भर द्यावा.

होल्डरजवळ किल्लीसाठी वेगळा खिळा मात्र नको. पुष्कळ रिमोटना किल्ली असते, आणि ती रिमोटशेजारीच लटकली तर तिचा उपयोग उरत नाही. तिची खरी गरज पडते ती क्रेनवर कोणी काम करत असताना. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 29 व्या कलमाने उचलण्याच्या यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा तज्ज्ञाकडून तपासणी घालून दिली. क्रेनच्या रुळापाशी माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून सहा मीटरच्या आत येऊ नये, हेही त्यातच होतं. वायरमन वर चढला की खालच्या माणसाला आठवण राहीलच असं नाही. मेन स्विच बंद करून कुलूप, रिमोट खुंटीला आणि त्याची किल्ली वर चढलेल्याच्याच खिशात, ही रीत त्यापेक्षा भरवशाची.

संध्याकाळी रिमोट टांगताना ‘टक’ आवाज आला आणि दिवा लाल झाला म्हणजे तो बसला. सकाळी दिवा हिरवा दिसला तरी लगेच माल उचलू नये. रिमोट काढायचा, इमर्जन्सी दाबायचं, मग ‘वर’ दाबून बघायचं. हुक हलला नाही, तर इमर्जन्सी सोडायचं, रिमोट पुन्हा चालू करायचा आणि रिकामा हुक हातभर वर-खाली करून घ्यायचा. हुक हललाच, तर रिमोट परत खुंटीला आणि मेन स्विच बंद.