गोवर्धन शर्मा यांच्या सहा निवडणुका आणि अकोल्याची रिक्त जागा

वऱ्हाडातील मतदारास आपला प्रतिनिधी निवडून पाठविण्याची सवय लागून शंभर वर्षे उलटून गेली. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मध्यप्रांत व वऱ्हाड यांचे जे कायदेमंडळ नागपुरास भरू लागले, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा या चारही जिल्ह्यांचे प्रतिनिधी बसत असत. त्या व्यवस्थेत एक चमत्कारिक गोष्ट होती. वऱ्हाड हा कायद्याने निजामाचा मुलूख. इंग्रज सरकारकडे तो कायमच्या पट्ट्याने आलेला. यास्तव वऱ्हाडच्या मतदारांनी निवडलेला गृहस्थ कागदोपत्री ‘निवडलेला’ ठरत नसे. मतदान होई, मते मोजली जात, आणि नंतर सरकार त्याच गृहस्थाची नेमणूक करी. तेव्हा कोठे तो सभासद होई. १९३० साली अमरावतीचे पंजाबराव देशमुख कायदेमंडळात गेले व पुढे शिक्षणमंत्री झाले, ते याच काळात. माणूस मतदाराने निवडावयाचा, परंतु जागा भरण्याचा शेवटचा हुकूम दुसऱ्याने काढावयाचा, असा तो प्रकार होता.

तो काळ गेला. देश स्वतंत्र झाला, प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताचा अधिकार मिळाला, आणि १९६० साली वऱ्हाड महाराष्ट्र राज्याचा भाग झाले. तथापि मतदारसंघाची जागा रिकामी पडली असता ती केव्हा भरावयाची व कोणी ठरवावयाची, हा प्रश्न अकोल्याच्या मतदारापुढे २०२४ साली पुन्हा उभा राहिला. त्याला निमित्त झाले एका दीर्घकाळ आमदार राहिलेल्या गृहस्थाचे निधन.

गोवर्धन मांगीलाल शर्मा हे अकोल्यात ‘लालाजी’ या नावानेच ओळखले जात. भारतीय जनता पक्षाच्या वतीने ते १९९५ साली प्रथम विधानसभेवर निवडून आले आणि त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४ व २०१९ अशा पाचही निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले होते. त्या विक्रमाशी तुलना करण्याचे कारण नाही. परंतु एकाच शहराने एकाच माणसास सलग सहा वेळा निवडावे, हीही काही थोडी गोष्ट नव्हे.

या २८ वर्षांत शर्मा यांच्या भोवतीचे जग पुष्कळ पालटले. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. २००१ साली अकोल्यास महानगरपालिका आली. २००८ च्या पुनर्रचनेनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या, आणि मोर्णाकाठच्या या शहराचा मोठा भाग ‘अकोला पश्चिम’ या नव्या नावाच्या मतदारसंघात गेला. सरकारेही बदलली. १९९९ ते २०१४ ही पंधरा वर्षे व पुढे २०१९ ते २०२२ ही सुमारे अडीच वर्षे त्यांचा पक्ष विरोधी बाकांवर होता. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा अर्ध्याहून अधिक काळ सत्तेबाहेर गेला. सत्तेच्या छायेत निवडून येणे सोपे असते, असे लोक म्हणतात. येथे ते कारण पुरे पडत नाही.

मग सहा विजयांचे मर्म कशात शोधावे? काही अंशी ते माणसाच्या लोकसंग्रहात असते, हे खरेच. परंतु काही अंशी ते आपल्या मतदानपद्धतीच्या गणितातही असते, आणि हे गणित समजून घेणे मतदारास उपयोगाचे आहे. आपल्या पद्धतीत जिंकणाऱ्यास निम्मी मते लागत नाहीत. इतर प्रत्येकाहून एक मत अधिक मिळाले की पुरे. समजा, हजार मते पडली आणि एकास चारशे मिळाली. उरलेली सहाशे तिघांत सारखी वाटली गेली, तर पहिला गृहस्थ दोनशेंच्या आघाडीने जिंकतो. तीच सहाशे एका ठिकाणी आली, तर तोच गृहस्थ तितक्याच मतांनिशी दोनशेंनी हरतो. त्याला मत देणाऱ्यांपैकी एकानेही मन बदललेले नसते.

शर्मा यांच्या अखेरच्या दोन निवडणुका याचे उत्तम उदाहरण होत. २०१४ साली, मतदानास तीन आठवडे उरले असता, २५ सप्टेंबर रोजी भाजप व शिवसेना यांची युती मोडली. त्याच दिवशी काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांचीही आघाडी मोडली. चारही पक्ष वेगवेगळे लढले. शर्मा यांना सुमारे ६७ हजार मते पडली आणि त्यांची आघाडी जवळजवळ ४० हजारांची झाली. २०१९ साली त्यांना त्याहून सहा हजारांवर अधिक, म्हणजे ७३ हजारांच्या वर मते मिळाली. तरी काँग्रेसचे साजिद खान पठाण यांच्यावरील त्यांची आघाडी २,५९३ वर उतरली. मते वाढली आणि आघाडी घटली, हे ऐकावयास विपरीत वाटते. परंतु समोरची मते या वेळी पूर्वीपेक्षा अधिक एकवटली होती, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या आघाडीचा आकडा पाहून ‘ही जागा अमक्याचीच’ असे म्हणण्याची आपणा सर्वांस सवय असते. ती किती फसवी असते, हे या दोन आकड्यांवरून उघड होते.

३ नोव्हेंबर २०२३ रोजी दीर्घ आजारानंतर, वयाच्या ७४ व्या वर्षी, शर्मा यांचे निधन झाले आणि अकोला पश्चिमची जागा रिक्त झाली. येथून पुढची हकीकत कायद्याची आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सालचा. त्यात १९९६ साली १५१-अ हे कलम घालण्यात आले. तत्पूर्वी रिक्त जागा अमुक मुदतीत भरलीच पाहिजे, असे बंधन या कायद्यात नव्हते. नव्या कलमाने सहा महिन्यांची मुदत घातली. परंतु दोन अपवादही ठेवले. ज्या सभासदाची जागा रिक्त झाली, त्याच्या मुदतीचा उरलेला काळ एका वर्षाहून कमी असेल, तर पोटनिवडणुकीचे बंधन नाही. आणि मुदतीत निवडणूक घेणे कठीण आहे, असे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तरीही बंधन नाही.

मुदतीच्या आरंभी जागा रिकामी झाली, तर हे कलम सरळ चालते. पुण्याच्या कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ रोजी निवर्तल्या. २६ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथे मतदान झालेदेखील. अडचण येते ती मुदतीच्या उतरणीवर. ‘उरलेला काळ’ मोजावयाचा कोणत्या दिवसापासून? जागा रिकामी झाली त्या दिवसापासून, की नवा सभासद निवडून येईल त्या दिवसापासून?

अकोल्यात हा भेद निर्णायक ठरला. त्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती. निधनाच्या दिवसापासून मोजले, तर एक वर्ष व २३ दिवस उरत होते. म्हणजे पोटनिवडणूक बंधनकारक. निवडणूक आयोगाने तसाच विचार करून लोकसभेच्या मतदानाबरोबर, २६ एप्रिल २०२४ रोजी, अकोला पश्चिमची पोटनिवडणूक जाहीर केली. मोजणी मात्र लोकसभेबरोबरच ४ जून रोजी व्हावयाची होती. त्या दिवसापासून मोजले, तर नव्या आमदारास सहा महिनेही मिळत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अर्ज झाला, आणि २६ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने ती पोटनिवडणूक रद्द ठरविली. यास आधार होता २०१९ सालच्या काटोल प्रकरणाचा. तेथील आमदाराने ऑक्टोबर २०१८ मध्ये राजीनामा दिला होता, विधानसभेची मुदत नोव्हेंबर २०१९ पर्यंत होती, आणि पोटनिवडणूक एप्रिलमध्ये ठेवलेली होती. त्या वेळीही याच खंडपीठाने नव्या सभासदास मिळणारा काळच मोजला होता.

खंडपीठाची ही मोजणी मान्य केली, म्हणजे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. नव्या सभासदास पुरे वर्ष मिळावे, तर अकोल्याचा निकाल निधनानंतर सुमारे २३ दिवसांत लागावयास हवा होता. आता निवडणुकीचे वेळापत्रक पाहा. अधिसूचना निघाल्यापासून सातवा दिवस हा अर्ज भरण्याचा शेवटचा. दुसऱ्या दिवशी छाननी. त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. आणि तेथून चौदा दिवसांच्या आत मतदान घेता येत नाही. सात, एक, दोन व चौदा मिळून चोवीस दिवस झाले. मोजणी त्याच्याही पुढे. याचा अर्थ असा की, निधनाच्याच दिवशी अधिसूचना काढली असती, तरीही वेळ पुरला नसता. सहा महिन्यांत जागा भरण्याचा जो हक्क एका मोजणीने मतदारास मिळत होता, तो दुसऱ्या मोजणीने पहिल्याच दिवशी संपलेला होता.

उलट बाजूही विचारात घेतली पाहिजे. पोटनिवडणूक झाली असती, तर जूनमध्ये निवडून आलेल्या आमदारापुढे १५ ऑक्टोबरला सार्वत्रिक निवडणुकीची आचारसंहिता येऊन ठेपली असती. चार महिन्यांच्या कामासाठी सर्व शहराने निवडणुकीच्या धामधुमीतून जावे काय, ही शंका रास्त आहे. परंतु त्याच सुमारास हरियाणात काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. मनोहरलाल खट्टर यांनी मार्च २०२४ मध्ये कर्नालची जागा सोडली, तेव्हा तेथील विधानसभेचे आठ महिनेही उरले नव्हते. तरी मे महिन्यात तेथे पोटनिवडणूक झाली व तेथील उच्च न्यायालयाने ती थांबविण्यास नकार दिला. नवे मुख्यमंत्री नायबसिंग सैनी विधानसभेचे सभासद नव्हते आणि राज्यघटनेप्रमाणे त्यांना सहा महिन्यांत सभासद होणे भाग होते, हे त्यामागील कारण. कलम एकच, मुख्यमंत्र्याच्या गरजेपुढे कमी काळ आड आला नाही, आणि अकोल्यात मात्र आला.

या वर्षात अकोला पश्चिमच्या नागरिकांनी काय गमावले? १९५३ च्या नागपूर कराराच्या अनुषंगाने दरवर्षी नागपुरास अधिवेशन भरते, ते विदर्भाचे प्रश्न जवळून ऐकले जावेत म्हणून. डिसेंबर २०२३ चे ते अधिवेशन अकोला पश्चिमच्या आमदाराविना झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाचे विधेयक विशेष अधिवेशनात संमत झाले; अंतरिम अर्थसंकल्प मांडला गेला; जून-जुलैत पावसाळी अधिवेशन भरले. सभागृहातील २८८ जागांपैकी ही जागा तेवढा काळ मुकी होती. शहराच्या पाण्याविषयी तारांकित प्रश्न, रस्त्यांविषयी लक्षवेधी सूचना, रुग्णालयाविषयी मंत्र्यांस विचारणा ही कामे दुसऱ्या मतदारसंघाचा आमदार सौजन्य म्हणून करील; कर्तव्य म्हणून ती करणारा कोणी नव्हता.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान झाले आणि २३ तारखेस निकाल लागला. जागा रिकामी होऊन तेव्हा एक वर्ष व वीस दिवस झाले होते. साजिद खान पठाण यांना ८८,७१८ व भाजपचे विजय अग्रवाल यांना ८७,४३५ मते पडली. १,२८३ मतांच्या फरकाने २९ वर्षांनंतर ही जागा दुसऱ्या पक्षाकडे गेली. त्याच दिवशी अमरावती जिल्ह्यातील अचलपुरात २००४ पासून चार वेळा निवडून आलेले बच्चू कडूही पराभूत झाले. वऱ्हाडातील दोन जुन्या जागांचे मालक समजले जाणारे नाव एकाच मोजणीत पुसले गेले.

‘उरलेला काळ’ कोठून मोजावा, हे कायद्याच्या एका स्पष्ट वाक्याने सांगता येण्यासारखे आहे, आणि ते वाक्य लिहिण्याचा अधिकार संसदेचा आहे. वर्षभर आमदाराविना राहिलेल्या शहराने आपल्या खासदाराकडे तेवढी एक मागणी केली, तर ती कोणत्याही पक्षाच्या विरुद्ध होणार नाही. कारण पुढची रिक्त जागा कोणत्या गावाची व कोणत्या पक्षाची असेल, हे आज कोणासही सांगता येणार नाही.