‘मॅनीचं काय, चालायचंच!’

बॉल उंच उडालाय. लेफ्ट फील्डमधला गडी पाठमोरा धावतोय. कॅच घेतला, पण पाय थांबत नाहीत. त्याच वेगात तो समोरच्या भिंतीवर चढतो, वर बसलेल्या एका प्रेक्षकाला टाळी देतो, खाली उतरतो आणि बॉल आत फेकतो. बॉल दोन हातांतून पहिल्या बेसवर पोचतो आणि दुसराही गडी बाद!

१४ मे २००८, बाल्टिमोर. खेळाडूचं नाव मॅनी रामिरेझ, टीम बोस्टन रेड सॉक्स. यूट्यूबवर ती क्लिप आहे, नक्की बघा. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी हसू येतंच.

या टाळीनंतर अडीच महिन्यांतच, ३१ जुलैला, बोस्टनने त्याला टीममधून काढलं. नुसतं काढलं नाही, तर तो जावा म्हणून पदरचे पैसे भरले. टीमला दोन वेळा जगज्जेतं करणारा, नुकताच ५०० होम रन पूर्ण केलेला खेळाडू आणि त्याच्याशी अशी वागणूक? की त्याच्या वागण्याला मिळालेलं हे योग्य उत्तर होतं? अमेरिकेत बेसबॉलचे फॅन्स अजूनही यावर भांडतात. टॅलेंट आहे, पण डोक्याला ताप आहे, अशा माणसाचं करायचं काय, हा प्रश्न आपल्यालाही काही नवीन नाही.

आधी हा माणूस किती मोठा होता ते सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. बेसबॉलमध्ये दहा वेळा बॅटिंगला येऊन तीन वेळा हिट मारली तरी तुम्ही भारी बॅट्समन ठरता. सरासरी लिहायची ती .३००. मॅनीची पूर्ण करिअरची सरासरी .३१२ आणि होम रन ५५५. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो दोमिंगोत जन्म, तेराव्या वर्षी कुटुंबासोबत न्यूयॉर्कला आला, तिथल्या वॉशिंग्टन हाइट्स वस्तीत वाढला. आधी क्लीव्हलंडकडून खेळला. २००० सालच्या डिसेंबरमध्ये बोस्टनने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला, १६ कोटी डॉलरचा!

आणि मग सुरू झाली नाटकं.

जुलै २००४ मध्ये सेंटर फील्डवरून सहकारी जॉनी डेमनने बॉल फेकला, तर लेफ्ट फील्डचा हा पठ्ठ्या मध्येच सूर मारून तो अडवून बसला. का? माहीत नाही. स्वतःच्याच टीमचा थ्रो! पुढच्या वर्षी जुलैमध्ये तर मॅच चालू असताना गायबच झाला. बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानात लेफ्ट फील्डला ‘ग्रीन मॉन्स्टर’ नावाची ३७ फुटी हिरवी भिंत आहे, तिच्या पोटात स्कोअरबोर्डवाल्यांची खोली आहे. खेळ जरा थांबला तसे साहेब त्या खोलीत गेले आणि पुढचा बॉल पडायची वेळ आली तेव्हा घाईघाईत बाहेर आले. अशा प्रत्येक वेळी बोस्टनमध्ये एक ठरलेलं वाक्य म्हटलं जायचं, ‘मॅनी बीइंग मॅनी’. आपल्या भाषेत, ‘मॅनीचं काय, चालायचंच!’

यावरून कोणाला वाटेल की आळशी असेल. अजिबात नाही. बॅटिंगच्या सरावाला तो इतरांच्या आधी हजर असायचा, घाम गाळायचा, हे त्याच्यावर चिडलेले सहकारीही कबूल करतात. त्याची अडचण बॅटिंग सोडून बाकी सगळ्यात होती. फील्डिंग, वेळा, दुखापतीच्या तक्रारी आणि वरचेवर ‘मला इथून जायचंय’.

क्लबलाही तो नकोसा झालाच होता. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये बोस्टनने चक्क जाहीर करून टाकलं, कोणीही घेऊन जा. बदल्यात खेळाडू नको, पैसा नको, फक्त त्याचा उरलेला पगार तेवढा तुम्ही द्या. तो उरलेला पगार होता साडेनऊ कोटी डॉलरच्या वर. एकाही टीमने हात वर केला नाही. मग त्याला टेक्सासला देऊन अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझला आणायचं घाटलं. तेही फिसकटलं, कारण त्यात रॉड्रिगेझच्या कराराची रक्कम कमी होणार होती आणि खेळाडूंच्या युनियनने त्याला नकार दिला. म्हणजे मॅनी राहिला तो केवळ कोणी नेला नाही म्हणून.

आणि पुढच्याच वर्षी काय झालं? २००४ मध्ये बोस्टनने वर्ल्ड सीरिज जिंकली, १९१८ नंतर पहिल्यांदा. ८६ वर्षांनी! त्या सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू मॅनी रामिरेझ. २००७ मध्ये पुन्हा विजेतेपद, पुन्हा मॅनी टीममध्ये. आता बोला. ‘असल्याला ठेवूच नये’ म्हणणाऱ्यांची बोलती बंद करायला एवढं पुरेसं आहे.

पण त्याच २००४ मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती, आणि माझ्या मते ती विसरून चालत नाही. ३१ जुलै २००४ ला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, बोस्टनने नोमार गार्सियापाराला देऊन टाकलं. नोमार म्हणजे बोस्टनच्या गळ्यातला ताईत, सलग दोन वर्षं लीगमध्ये सर्वाधिक सरासरी काढणारा. पण तो क्लबवर नाराज होता, दुखापतीने मॅचेस चुकत होत्या. हा निर्णय घेणारा जनरल मॅनेजर होता थिओ एपस्टीन. वय ३०. ही खुर्ची त्याला मिळाली तेव्हा तर तो २८ वर्षांचा होता, तोवरचा सगळ्यात तरुण जीएम. नोमार गेला आणि तीन महिन्यांनी ट्रॉफी आली. म्हणजे एकाच वर्षात टीमने दोन उलटे धडे शिकले. एका अवघड खेळाडूला सांभाळल्यामुळे जिंकलो, दुसऱ्याला सोडल्यामुळे जिंकलो. मग नियम काय?

२००८ मध्ये उत्तर देणं भाग पडलं.

५ जूनला मॅच चालू असतानाच डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, मॅनी आणि त्याचाच सहकारी केविन युकिलिस यांची जुंपली. हे एक वेळ ठीक, दोघंही स्टार, दोघंही पहिलवान. पण २८ जूनला ह्यूस्टनमध्ये जे झालं ते वेगळं होतं. टीमचा प्रवास, हॉटेल, पासेस बघणारे एक ट्रॅव्हल सेक्रेटरी होते, वय ६४. मॅनीने त्यांच्याकडे त्याच दिवशीच्या मॅचची बरीच तिकिटं मागितली. आयत्या वेळी एवढी मिळणं कठीण, असं ते म्हणाले. मॅनीने त्यांना ढकलून खाली पाडलं. मॅनीचं निलंबन झालं नाही.

तिथून घसरण वेगाने झाली. ६ जुलैला न्यूयॉर्कमध्ये, कट्टर वैरी यँकीजविरुद्ध, ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये मॅनी बॅटिंगला आला. समोर मारियानो रिव्हेरा. एक, दोन, तीन, तिन्ही बॉल स्ट्राइक. मॅनीने बॅट खांद्यावरून हलवलीच नाही, आउट होऊन परत. मग गुडघा दुखतो म्हणून पुन्हा यँकीजविरुद्धच बाहेर बसला. क्लबने दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय काढला. दोष काहीच निघाला नाही.

यामागे एक हिशोबही होता. त्याच्या करारानुसार २००९ आणि २०१० ही दोन वर्षं, प्रत्येकी २ कोटी डॉलरला, त्याला ठेवायचं की नाही हे क्लब ठरवणार होता. खेळाडूला त्यात मत नाही. ही कलमं गेली तर तो मोकळा, बाजारात नवा मोठा करार करायला. एखाद्याला सोडवून घ्यायचंच असेल तर ‘मला ठेवणं तुम्हाला परवडणार नाही’ अशी वेळ आणणं हाही एक मार्ग असतो.

थांबा, मॅनीची बाजूही ऐका. त्याच जुलैमध्ये, जेव्हा तो ‘मुद्दाम खेळत नव्हता’, त्याची सरासरी .३४७ होती. हा आकडा काढून त्याचे फॅन्स आजही विचारतात, न खेळता एवढं? शिवाय मॅनी तेव्हा जाहीरपणे म्हणाला होता की हा क्लब मोठ्या खेळाडूंना नकोसे झाले की बदनाम करतो, पेड्रो मार्टिनेझ आणि नोमारचंही तसंच केलं. त्यात तथ्य नव्हतं असं मला म्हणवत नाही. ज्या क्लबने पाच वर्षांपूर्वी ‘कोणीही घेऊन जा’ अशी पाटी तुमच्या गळ्यात अडकवली, त्याच्याशी निष्ठा किती ठेवणार?

तरीही माझं मत एपस्टीनच्या बाजूने पडतं. कारण ह्यूस्टनचे ते ६४ वर्षांचे गृहस्थ.

बघा, भिंतीतल्या खोलीत जाणं, डेमनचा थ्रो अडवणं, यात टीमचं नुकसान झालंच तर एखाद्या रनचं. तो रन मॅनी पुढच्या इनिंगमध्ये बॅटने व्याजासकट परत करायचा. हा व्यवहार फायद्याचा होता आणि सात वर्षं बोस्टनने तो डोळे उघडे ठेवून केला. पण तिकिटं सांभाळणाऱ्या माणसाला ढकललं तर त्याची परतफेड होम रनने कशी होणार? तो माणूस काय म्हणणार, ‘चालायचंच’? हे वाक्य म्हणायची चैन ट्रॉफी उचलणाऱ्यांना असते. बॅगा उचलणाऱ्यांना ते दुसऱ्यांकडून ऐकून घ्यावं लागतं.

कोणत्याही कॉलेजच्या एकांकिकेच्या ग्रुपमध्ये डोकावा. एक मॅनी हमखास असतो. तालमीला दीड तास उशिरा येतो, संवाद आदल्या रात्री पाठ करतो आणि स्पर्धेत असा पेटतो की अभिनयाचं बक्षीस त्यालाच. दिग्दर्शक त्याला काही बोलत नाही. सगळे म्हणतात, कलाकार आहे, चालायचंच. त्याच्या जागी रोज प्रॉक्सी वाचणारा, सेट उचलणारा, शिव्या खाणारा एफवायचा पोरगा मात्र पुढच्या वर्षी ग्रुपमध्ये दिसत नाही. तो का गेला हे कोणी विचारतही नाही. मॅनीला ठेवण्याची किंमत त्या पोराने भरलेली असते, ती फक्त हिशोबात धरली जात नाही.

असो, परत बोस्टन. ३१ जुलै २००८, पुन्हा अदलाबदलीचा शेवटचा दिवस. सौदा तीन टीम्समध्ये झाला. मॅनी लॉस एंजेलिस डॉजर्सकडे, पिट्सबर्गचा जेसन बे बोस्टनकडे. यासाठी बोस्टनने मॅनी तर दिलाच, वर दोन तरुण खेळाडू दिले आणि मॅनीचा त्या सीझनचा उरलेला पगारही, सुमारे ७० लाख डॉलर, स्वतः भरला. दोन वर्षांची ती कलमंही रद्द झाली. मॅनीला हवं होतं तेच मिळालं.

आणि मग तो सुटला! डॉजर्सकडून ५३ मॅचेस, १७ होम रन, सरासरी .३९६. मॅनी आला तेव्हा डॉजर्सच्या खात्यात ५४ विजय आणि ५४ पराभव होते, शेवटी त्यांनी आपला गट जिंकला. लॉस एंजेलिसमध्ये पब्लिक त्याच्यासारख्या जटांचे विग घालून स्टेडियममध्ये येऊ लागलं. गुडघा? कसला गुडघा!

इकडे बोस्टनने मॅनी असताना १०९ पैकी ६१ मॅचेस जिंकल्या होत्या, तो गेल्यावर उरलेल्या ५३ पैकी ३४. जेसन बे गुपचूप आला, गुपचूप रन काढत राहिला. पुढच्या वर्षी त्याने ३६ होम रन मारले, पण त्याच्यासारखे विग कोणी घातले नाहीत. ऑक्टोबरमध्ये दोन्ही टीम्स वर्ल्ड सीरिजच्या उंबरठ्यावर हरल्या, बोस्टन टॅम्पा बेकडून, डॉजर्स फिलाडेल्फियाकडून. त्यामुळे कोण बरोबर होतं याचा निकाल स्कोअरबोर्डवरून लागत नाही.

डॉजर्सचा हनिमून मात्र लवकर आटोपला. नव्या करारावर सही केल्यानंतर मे २००९ मध्ये बंदी असलेल्या औषधाच्या नियमात मॅनी अडकला, ५० मॅचेसची बंदी. २०११ मध्ये पुन्हा तसंच झालं आणि १०० मॅचेसची बंदी भोगण्याऐवजी त्याने निवृत्ती घेतली. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी ७५ टक्के मतं लागतात. २०१७ मध्ये पहिल्यांदा नाव आलं तेव्हा ५५५ होम रनच्या या मालकाला २३.८ टक्के मिळाली. या बंदीमुळे काहीजण त्याचे आधीचे आकडेही शंकेने बघतात.

मे २०१४ मध्ये, २००४ च्या विजयाला दहा वर्षं झाली म्हणून बोस्टनने त्या टीमला फेनवे पार्कवर बोलावलं. मॅनीही आला, जटा कापून. युकिलिसची आणि त्या ट्रॅव्हल सेक्रेटरींची आपण माफी मागितली, असं त्याने पत्रकारांना सांगितलं. मग सन्मानाचा पहिला बॉल टाकायला तो मैदानात उतरला. त्याने बॉल फेकला आणि मध्येच जॉनी डेमनने तो अडवला. सगळं स्टेडियम हसत होतं.