गुलाबीला वार नाही

नवरात्र जवळ आले की आमच्या इंदिरानगरात पंचांगाआधी रंगांची यादी येऊन पोहोचते. घट कोणत्या मुहूर्तावर बसवावा, हे मला विचारणारे दोघे; उद्या कोणता रंग, हे विचारणारे वीस! ही प्रथा सुमारे दोन दशकांपूर्वी मुंबईच्या एका मराठी दैनिकाने रूढ केली. वृत्तपत्राच्या पानावर बसून वृत्तपत्राची चहाडी करू नये हे खरे. परंतु ती यादी ना देवीभागवतात आहे, ना सप्तशतीत.

तिची घडण मात्र मोठी मौजेची. सात वारांना सात रंग कायमचे वाटून दिलेले : रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा. (ज्योतिषात हिरवा बुधाचा, तो शुक्राच्या पदरात कसा पडला, हे ग्रहांनाच ठाऊक.) सात वार संपले तरी नवरात्र उरतेच. त्या उरलेल्या दिवसांवर गुलाबी, जांभळा आणि मोरपंखी असे तिघे टपून बसलेले. तात्पर्य, गुलाबीला स्वतःचा वार नाही. पंगतीत पाट रिकामा राहिला तर बसावयाचे. 2023 साली तोही मिळाला नाही. घट रविवारी बसले, पुढचा रविवार जांभळ्याने घेतला, सोमवार मोरपंखीने, आणि गुलाबी दाराबाहेर! त्याच वर्षीच्या मे महिन्यात दोन हजारांची गुलाबी नोटही चलनातून मागे घेण्यात आली होती. साडेसाती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

निदान नाशिकने तरी त्याची अशी उपेक्षा करावयास नको होती. मोगलाईत या नगरीला गुलशनाबाद म्हणत. येथली थंडीसुद्धा आम्ही गुलाबीच म्हणून मिरवतो. पंचवटीतील शनी चौकात पेशवेकालीन रहाड आहे. वर्षभर झाकून ठेवलेला तो हौद रंगपंचमीला पूजा करून उघडतात, आणि तिचा रंग गुलाबी. तीत धप्पा मारून वर आलेल्याच्या अंगावरचा रंग चार दिवस उतरत नाही, वस्त्रावरचा तर उतरतच नाही. माझे एक उपरणे त्या रहाडीतून निघाल्यापासून पेटीच्या तळाशी पडून आहे. कीर्तनकाराला तो रंग शोभेल का, या शंकेने.

असो. या रंगांची टवाळी मी वर्षानुवर्षे कीर्तनाच्या पूर्वरंगात केली, आणि श्रोते हसलेही.

2024 साली नवरात्र गुरुवारी बसले आणि 10 ऑक्टोबरला गुलाबीची पाळी आली. आदल्या सायंकाळी आमच्या इमारतीतील एक वृद्ध काकू जिन्यात थांबल्या. त्यांचे यजमान जाऊन बारा वर्षे झालेली. तेव्हापासून राखी-बदामीपलीकडे त्यांनी काही नेसलेले मला स्मरत नाही. हातात नातीने आणलेली गुलाबी साडी होती.

"बुवा, शास्त्रात गुलाबी बसतो का हो?"

यादीला शास्त्राधार नाही, हे माझे ठरलेले वाक्य ओठांवर आले आणि तेथेच अडले. त्या एका वाक्याने साडी पुन्हा कपाटात गेली असती. विधवेच्या वेषाविषयी स्मृतिकारांनी जे लिहिले आहे ते मी वाचलेले आहे. पण न वाचलेल्यांनीच ते काकूंना आजवर पुष्कळ ऐकवले होते. त्यात माझी भर कशाला?

मी म्हटले, "काकू, ललितासहस्रनाम म्हणता ना?"

"रोज. का बरे?"

"पाटलीची फुले जिला प्रिय, असे त्यात देवीचे एक नाव आहे. आणि पांढऱ्या-तांबड्याच्या मिश्रणाला अमरकोशात पाटल म्हटले आहे. म्हणजे आपला गुलाबीच की."

काकूंनी मनातल्या मनात नावे म्हणत ते नाव गाठले. "अगबाई! हे तर मी रोज घेते."

दुसऱ्या दिवशी आरतीला काकू ती साडी नेसून आल्या. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिले. काकूंच्या ते ध्यानात आले. त्यांनी पुढे होऊन तबक हाती घेतले. आरती संपल्यावर माझ्या उपरण्याकडे पाहून म्हणाल्या, "बुवा, पांढरा सोमवारचा ना? आज गुरुवार."

कालिकेच्या यात्रेच्या गर्दीतून वाट काढत मला कीर्तनाला पोहोचावयाचे होते. अर्धा तास हाती होता. मी घरी परतून पेटी उघडली.