जात्याचा दगड आणि चंद्रावरचा ससा

रमजानचा महिना संपत आला की आम्ही मुले दादीबरोबर माळवदावर चढत असू. पश्चिमेला केसाएवढी कोर दिसली की खाली गल्लीत एकच गलका होई. पुढे पंधरा दिवसांनी तोच चंद्र भरून येई आणि त्यावरचे डाग दिसू लागत. दादी सांगे, ती म्हातारी चरखा कातत बसली आहे. शेजारच्या काकू म्हणत, अरे, तो तर ससा. डाग एकच, गोष्टी दोन. कवीला तेवढे पुरते. मी बी.ए. झालो तोही भाषा घेऊन. पण या डागांची तिसरी गोष्ट कळली तेव्हा मला आठवले ते आमच्या घरातले जाते.

जाते, पाटा-वरवंटा, वेरूळची लेणी, सह्याद्रीचे कडे; या सगळ्यांचा दगड एकच, काळा पाषाण. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि निवून दगड झाला. आपल्या दख्खनमध्ये हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडले. १९६९ च्या जुलैत अपोलो-११ चे अंतराळवीर चंद्रावरच्या ‘शांततेच्या समुद्रा’त उतरले आणि साडेएकवीस किलो दगडमाती घेऊन आले. त्या समुद्रात पाण्याचा थेंब नव्हता. तिथला काळा दगड बेसॉल्टच निघाला. फरक एवढाच, की त्यात टायटॅनियम भरपूर आणि पाण्याचा अंश जवळजवळ नाही. त्याचे वय मात्र साडेतीन अब्ज वर्षांहून अधिक! म्हणजे ससा काय, म्हातारी काय, दोन्ही जात्याच्याच दगडाच्या.

मग चंद्राचा उजळ भाग कशाचा? अपोलोने आणलेल्या मातीत काही बारीक पांढरे कण सापडले. त्यांवरून एक धाडसी तर्क निघाला, की जन्मानंतर चंद्र वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला असावा. दूध तापल्यावर साय वर येते, तशी हलकी पांढरी खनिजे तरंगून वर आली आणि तिचे कवच झाले. या खडकाला अॅनॉर्थोसाइट म्हणतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण भागात उतरले. त्यातल्या ‘प्रज्ञान’ या छोट्या गाडीने १०३ मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी माती तपासली. तिथेही याच कवचाशी जुळणारे घटक मिळाले. अपोलोची माणसे विषुववृत्ताच्या आसपास उतरली होती. त्यामुळे इतक्या दूरची ही साक्ष मोलाची ठरली.

पण माणूस किंवा यंत्र जिथे पोचले नाही, तिथले वय कसे सांगायचे? पुन्हा जात्याकडे येऊ. दळून दळून जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घेत. प्रत्येक घावाचा एक खळगा. चंद्रावर अशी टाकी उल्का मारतात. जो भाग जुना, त्यावर खळगे जास्त; ज्यावर लाव्हा उशिरा पसरला, त्यावर कमी. खळगे मोजले की कोणता भाग आधीचा, कोणता नंतरचा हे कळते. नेमकी वर्षे मात्र कळत नाहीत. त्यासाठी त्या जागेचा दगड प्रयोगशाळेत यावा लागतो. चीनच्या चांगअ-५ यानाने २०२० साली कमी खळग्यांच्या भागातून १,७३१ ग्रॅम नमुने आणले. त्यांतल्या बेसॉल्टचे वय दोन अब्ज वर्षे निघाले आणि मोजणीच्या पट्टीवर मधली एक खूण पक्की झाली. हीच पट्टी थोडे फेरफार करून मंगळ आणि बुध यांनाही लावतात.

पृथ्वीवरही असे घाव पडले. पण पृथ्वी हे चालते जाते आहे. पाऊस, नद्या आणि भूखंडांची हालचाल इथल्या खुणा पुसून टाकतात. चंद्राचे जाते केव्हाच थांबले, म्हणून त्यावरची टाकी शाबूत राहिली.

तरी एक ठळक घाव आपल्याच अंगणात उरला आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार! सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि दीडशे मीटर खोलीचे हे विवर बेसॉल्टमध्ये आहे. अशी विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत; म्हणून चंद्र आणि मंगळ यांचे अभ्यासक लोणारला येतात. आधी अनेकांना हे ज्वालामुखीचे तोंड वाटे. १९७३ साली इथल्या दगडात एक खास काच सापडल्याचे प्रसिद्ध झाले. खनिज न वितळता, केवळ प्रचंड आघाताने त्याची काच होते, आणि असा आघात ज्वालामुखीला जमत नाही. उल्केची बाजू सिद्ध झाली.

वयाचा प्रश्न मात्र उरला. १९९० च्या दशकात ते सुमारे बावन्न हजार वर्षे असल्याचे मोजले गेले. २०११ साली दुसरी रीत वापरली. दगडातल्या पोटॅशियमचा काही अंश ठरलेल्या गतीने आरगॉन वायूत बदलत असतो. दगड वितळला की साठलेला वायू निसटतो आणि घड्याळ नव्याने सुरू होते. या घड्याळाने वय सांगितले सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे. दहा पटींहून अधिक! ज्या विवरात आपण पायी उतरू शकतो, त्याच्या वयात एवढा फरक पडतो. मग नुसते खळगे मोजून मंगळाचे वय सांगणाऱ्याने किती जपून बोलावे?

म्हणूनच लोणारचा दगड जपायला हवा. आघाताने उडालेला दगडमातीचा थर विवराभोवती, शेतांखाली पसरला आहे. २०२० साली रामसर यादीत आले ते सरोवर; पण हा थरही तितकाच मोलाचा आहे. तो मुरमासारखा खणून नेला, तर उद्या वय पुन्हा तपासायला साक्षीदारच उरणार नाही. चंद्रावरून मूठभर माती आणायला देश कोट्यवधी खर्च करतात. आपल्याला एस.टी.चे तिकीट पुरते.

दादी गेली. जाते अजून अंगणात पडून आहे. पौर्णिमेला मी त्यावर हात ठेवून वर पाहतो. म्हातारी चरखा कातताना अजून दिसते. तिच्याखालचा दगड ओळखीचा निघाला, एवढेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)