तराफ्याची वाट

लेखमाला : कयाधू ते समुद्र (लेखांक सातवा)

मागच्या आठवड्यात कयाधूला आपण हदगाव तालुक्यात पैनगंगेच्या हवाली केलं. वाशीम जिल्ह्यात उगवलेली, हिंगोली शहराजवळून वाहत आलेली आणि मग डोंगरगाव पूल, शेवाळा अशी कळमनुरी तालुक्यातली शिवारं ओलांडून गेलेली ही नदी तिथं आपलं नाव सोडते. पुढचं पाणी पैनगंगेचं. ते सहस्रकुंडाला काळ्या खडकावरून खाली कोसळतं, किनवट-उमरखेडच्या जंगलातून उत्तरेला वळतं, माहूरच्या परिसरात पूस नदीला सोबत घेतं, उनकेश्वरावरून पूर्वेकडे निघतं आणि वणी तालुक्यात जुगादजवळ वर्धेला मिळतं. वर्धा वैनगंगेला भेटली की दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते. तिथून भद्राचलम, पापी टेकड्यांची घळ, राजमहेंद्री, धवळेश्वर आणि शेवटी बंगालचा उपसागर. कळमनुरीच्या शिवारात पडलेल्या पावसाच्या थेंबाची ही वाट हजार किलोमीटरच्या आसपास भरते.

ही वाट नकाशावर पाहिली की एक प्रश्न आपोआप येतो. पाणी जातं, तर माणूसही जाईल का? घरी बांधलेला तराफा कयाधूत सोडला, तर तो समुद्राला लागेल का? प्रश्न पोरकट वाटेल, पण त्याचं उत्तर शोधताना आपल्या नद्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडतो. म्हणून आजचा अख्खा लेखांक तराफ्याला दिला आहे.

आधी तराफा म्हणजे काय ते पाहू. होडी पोकळ असते. ती पाण्याला आत येऊ देत नाही म्हणून तरंगते, आणि तळाला भोक पडलं की बुडते. तराफ्याचं तसं नाही. तो मुळातच पाण्याहून हलक्या वस्तूंचा बांधलेला असतो. फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलं तरी तो बुडत नाही, नुसता भिजतो. म्हणूनच होडी करायला कसबी सुतार लागतो आणि तराफा कुणालाही जमतो. वाळक्या भोपळ्यांची सांगड, बांबूच्या मोळ्या, ट्रकच्या ट्यूबा, तेलाचे ड्रम, माशांच्या खोक्यांचं थर्माकोल. ज्या काळात जे हाताशी आलं त्याचा तराफा झाला. आपल्याकडच्या जुन्या पिढीतले कित्येक जण पाठीला वाळका भोपळा बांधूनच पोहायला शिकले. तत्त्व तेच.

वजनाचं गणित सोपं आहे. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम पूर्ण बुडाला तर दोनशे किलो पाणी बाजूला सारतो. त्याचं स्वतःचं वजन वजा केलं तर तो साधारण १९० किलो भार पेलतो. चार माणसं, त्यांचं सामान, बांबू आणि फळ्या मिळून सहाशे किलो धरले, तर हिशेबाने चार ड्रम पुरतात. पण बांधणाऱ्याने सहा घ्यावेत, आणि सात मिळाले तर सात. कारण सगळी माणसं एका कडेला सरकली की त्या कडेचे दोनच ड्रम बहुतेक भार घेतात, आणि तिथंच तराफा उलटतो. स्थिर पाण्यात, सगळे जागेवर बसलेले असताना, निम्मा ड्रम पाण्याबाहेर दिसला पाहिजे. थर्माकोलचा एक घनफूट तुकडा जेमतेम २८ किलो पेलतो. साठ किलोच्या माणसाला नुसतं तरंगत ठेवायला दोन घनफुटांहून जास्त लागतं, आणि निर्धास्त बसायचं तर त्याच्या दुप्पट. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे. ते पुढे लागणार आहेत.

लाकडाची गोष्ट वेगळी. वाळलेल्या सागाचं वजन पाण्याच्या साधारण दोन-तृतीयांश असतं, म्हणजे साग तरंगतो पण वर फारसा भार घेत नाही. ओला साग तर जेमतेम तरंगतो. म्हणून ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत झाड तोडण्याआधी दोन-तीन वर्षं बुंध्याभोवतीची साल आणि बाहेरचं लाकूड गोल कापून ठेवत. झाड उभ्याउभ्याच वाळे, आणि मगच ते पाण्यात जाई. सागाहून जड लाकडाला बांबूच्या मोळ्या बांधून तारत.

तराफा हाकण्यातली अडचण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सुकाणू काम करतं ते भोवतालचं पाणी त्याच्यावरून सरकतं म्हणून. धारेत सोडलेला तराफा पाण्याच्याच वेगाने जातो. पाणी आणि तराफा एकमेकांच्या दृष्टीने थांबलेलेच. मग सुकाणू कितीही फिरवा, तराफा वळत नाही. म्हणून मोठ्या नद्यांवरचे तराफेवाले पुढे आणि मागे लांबच लांब वल्हं बसवत आणि तराफा आडवा ढकलत. नदी वळली की बाहेरच्या काठाला पाणी जोरात घासतं आणि तराफ्याला तिकडे ओढतं. वळण दिसायच्या आधीच आतल्या काठाकडे ढकलायला सुरुवात करावी लागते. खडक दिसल्यावर वल्हं मारणाऱ्याला फार उशीर झालेला असतो.

दुसरी मर्यादा याहून मोठी. तराफा उलटा येत नाही. अब्राहम लिंकन १८२८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सपाट तळाच्या गावठी नावेतून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांनी न्यू ऑर्लिन्सपर्यंत माल घेऊन गेला होता, आणि १८३१ साली पुन्हा गेला. अशा नावा प्रवासाच्या शेवटी मोडून लाकूड म्हणून विकत आणि माणसं दुसऱ्या मार्गाने घरी परतत. धारेसोबत जाणाऱ्या वाहनाचा हा सगळीकडचा नियम आहे: ते खाली पोचलं की त्याचं काम संपलं.

आपल्या वाटेवर हेच सागाचं झालं. अहेरी आणि आलापल्लीच्या जंगलातला साग तराफे बांधून प्राणहितेत सोडत आणि तो गोदावरीने राजमहेंद्रीला निघे. तिथं तराफा सोडला की तोच माल. वाहनही तेच आणि विकायची वस्तूही तीच, याहून स्वस्त वाहतूक जगात नसेल. या कामाचा हंगाम पाण्याचा. पूर ओसरून नदी भरलेली पण शांत असेल ते मोजके महिने. उन्हाळ्यात प्राणहितेच्या पात्रातले खडक उघडे पडले की सगळं थांबे.

हीच वाट पाहून एका इंग्रज अभियंत्याच्या मनात फार मोठी योजना आली. धवळेश्वरला गोदावरीवर १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधणारा आर्थर कॉटन याचं म्हणणं होतं की रेल्वेपेक्षा नदी स्वस्त. वऱ्हाडचा कापूस तेव्हा बैलगाड्यांनी आणि लमाणांच्या तांड्यांनी शेकडो कोस जाई. तो वर्धेच्या काठी नावेत भरला तर प्राणहिता आणि गोदावरीने थेट पूर्व किनाऱ्यावर काकिनाड्याला पोचेल. अडथळे तीन होते, तिन्ही खडकाळ पट्टे. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्यात. प्रत्येक ठिकाणी बंधारा बांधायचा, बाजूने कालवा काढायचा आणि झडपांच्या दरवाजांतून नावा वर-खाली करायच्या. १८६० साली अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचं मुख्य ठाणं बनलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा या कामाला जोर चढला. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस मुंबईकडे वळला, आणि १८७१ साली काम बंद करण्यात आलं. दुम्मगुडेमचा बंधारा आजही उभा आहे.

रेल्वेने नदीला हरवलं असं म्हणून ही गोष्ट सहसा संपवतात. मला ते अपुरं वाटतं. मिसिसिपी किंवा ऱ्हाईनला वर्षभर पाणी असतं, आपल्या दख्खनच्या नद्यांना ते चार-पाच महिने असतं. त्यातही अर्धे दिवस पुराचे. कॉटनने पाण्याची उंची मोजली, खडक मोजले, पण वाहतुकीला वर्षाचे बारा महिने लागतात हा हिशेब या नद्या कधीच पुरा करू शकल्या नसत्या. योजनेचं वरचं टोक वर्धेवर होतं. पैनगंगेत शिरायचं तर सहस्रकुंडाचा धबधबा आडवा आहेच.

आता आजची नदी. कळमनुरी तालुक्याच्या उत्तरेला इसापूर धरण आहे. पैनगंगेवरचं हे मातीचं धरण १९८२ साली पूर्ण झालं. उंची ५७ मीटर, उपयुक्त साठा ९६४ दशलक्ष घनमीटर. हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांची शेती त्यावर पिकते, आणि ज्यांनी आधीचे दुष्काळ भोगले त्यांना या पाण्याचं मोल मी सांगायला नको. पण धरणाखालचं पैनगंगेचं पात्र तेव्हापासून आकाशाकडे पाहतं तितकंच धरणाच्या दरवाजांकडे पाहतं. दरवाजे बंद असले की डोहांमधून वाळू वर येते. धरण भरून दरवाजे उघडले की काही तासांत पात्र दुथडी भरतं, आणि तेव्हा नदीत असणं म्हणजे जिवाशी खेळ. तराफ्याला लागतं ते यांच्या मधलं पाणी: गुडघ्याच्या वर, पुराच्या खाली, सेकंदाला मीटरभर सरकणारं. अशा धारेत आठ तासांत तीसेक किलोमीटर होतात आणि महिना-सव्वा महिन्यात समुद्र दिसतो. पण सलग महिनाभर तसं पाणी आता कुठेच मिळत नाही. पुढे बंधारेच बंधारे. सिरोंच्याजवळ मेडिगड्डाचं बॅरेज २०१९ साली सुरू झालं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे खांब खचले. त्याखाली दुम्मगुडेम, मग पोलावरमचं काम, मग धवळेश्वर. प्रत्येक ठिकाणी तराफा सोडवायचा, ड्रम खांद्यावर घेऊन खाली उतरायचं आणि पुन्हा बांधायचा. बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात धार नसते, तिथं वारा समोरून आला तर तराफा मागे जातो.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर असं: तराफा समुद्राला लागणार नाही. नदीच्या लांबीने होणारा प्रवास आपल्या नद्यांवर संपला आहे.

आणि तरीही मराठवाड्यात तराफे रोज पाण्यात उतरतात. ते नदीच्या रुंदीने जातात. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं जायकवाडीचा फुगवटा थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून ओलांडतात आणि शाळेत जातात, ही बातमी २०२३ साली आली. वाटेत पाण्यातले साप हातातल्या वल्ह्यांनी बाजूला सारावे लागत. रस्त्याने जायचं तर पंचवीस किलोमीटरचा वळसा. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मोठ्या धरणांच्या काठी असं पुन्हा पुन्हा होतं. जिथं ओढा होता, उन्हाळ्यात चालत पलीकडे जाता येत होतं, तिथं धरणाने तळं आणलं. गाव वाचलं, शेत पलीकडे राहिलं, शाळा पलीकडे राहिली. मासेमारी करणारे भोई बांधव ट्यूब आणि थर्माकोलवर बसून जाळी टाकतात ते याच पाण्यात. नदीची लांबी ज्या भिंतीने तोडली तिनेच रुंदी वाढवली, आणि तराफा आडवा झाला.

पलीकडे जाणं हे काठावरच्या माणसाचं जुनंच दुखणं आहे. १० ऑगस्ट १७६३ ला बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला निजामाची फौज भरलेल्या गोदावरीने दोन काठांवर तुटली. अलीकडे राहिलेल्यांवर मराठे तुटून पडले आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. राज्याच्या फौजेची ही गत, तर दप्तर पाठीला लावलेल्या पोरांची काय सांगावी.

म्हणून वरचे आकडे. ज्या गावाला पूल होईपर्यंत तराफ्याशिवाय गत्यंतर नाही, त्याने निदान थर्माकोलचा सुटा तुकडा वापरू नये. थर्माकोल कडेने तुटतो आणि इतका हलका असतो की दुपारचा वारा त्याला पाहिजे तिकडे नेतो. सहा बंद ड्रम, त्यांवर बांबूची चौकट, चारी बाजूंनी धरायला दोर. शांत पाण्यात दोन्ही काठांच्या झाडांना जाड दोर ताणून बांधला तर तो हाताने ओढत पलीकडे जाता येतं आणि वल्ह्याची गरजच राहत नाही. वाहत्या पाण्यात तराफा दोराला धरून थोडा तिरका ठेवला की धारच त्याला पलीकडे ढकलते. पाणी गढूळ होऊन वाढू लागलं की तराफा बाहेर काढायचा, त्या दिवशी कुणीही जायचं नाही. उभं राहायचं नाही, वजन मध्ये आणि खाली ठेवायचं. आणि प्रत्येक मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं. शाळेच्या पटावर असलेल्या मुलाला हे मिळवून देणं ग्रामपंचायतीच्या आणि शिक्षण विभागाच्या आवाक्यातलं काम आहे. ते न्यायालयाने सांगेपर्यंत थांबू नये.

पूल का होत नाही, याचं कारण केवळ निष्काळजीपणा नाही. फुगवट्यावरचा पूल लांब आणि उंच लागतो, आणि पलीकडे दोन-तीनशे माणसांची वस्ती असली की खर्चाचा प्रस्ताव मागे पडतो. मग स्वस्तातला मार्ग म्हणून नळकांडी पूल येतो, जो पहिल्याच मोठ्या पुराखाली जातो. तो तसा का बांधतात, त्याच्या नळ्यांचा व्यास कसा ठरतो आणि कयाधूवरचे असे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली का दिसतात, ते पुढच्या आठवड्यात.